चॉकलेटच्या आधी बिअर होती



आज मी बिअरवर बोलणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी गावातलं दारूचं दुकान हलवायला मोर्चे काढले, ग्रामसभेत उभं राहून भांडण केलं, हे मला ठाऊक आहे. ते भांडण चुकीचं होतं असं सांगायला मी आलेली नाही. पण इतिहासात बराच मोठा काळ असा होता की बिअर करणं हे बायकांचं काम होतं. आज आपण पापड, कुरडया, शेवया करतो तसं. घरच्यापुरतं करायचं, उरलेलं शेजारीपाजारी विकायचं आणि त्या पैशांत मीठ-तेल आणायचं. ते काम त्यांच्या हातातून कसं निसटलं, ही हकीकत बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बायांनी ऐकण्यासारखी आहे. आणि तिची सुरुवात होते चॉकलेटपासून.

२००८ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या डॉगफिश हेड नावाच्या बिअर कारखान्यानं एक वेगळीच बिअर बाजारात आणली. मोठ्या कंपन्यांसारखा एकच ठरलेला माल न काढता, थोडा-थोडा आणि नवनव्या चवीचा माल काढणारे असे कारखाने आता आपल्या पुण्या-मुंबईतही आहेत. त्यांच्या मालाला क्राफ्ट बिअर म्हणतात. तर या बिअरचं नाव होतं थिओब्रोमा. तिच्यात कोको होता, मध होता, मिरची होती आणि शेंदरीच्या बिया होत्या. शेंदरी म्हणजे तीच, जिच्या काटेरी बोंडातल्या लाल बियांचा रंग हाताला लागला की लवकर जात नाही. चॉकलेटची बिअर म्हटल्यावर लोकांना वाटलं, काळीभोर आणि गोडमिट्ट असणार. पेल्यात ओतली तर रंग मधासारखा. वास मधाचा, गिळताना घशाशी मिरचीची हलकी चुणचुण, आणि कोको कुठंतरी मागून, जरासा. ताकद मात्र साध्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट.

ही कृती सुचली कशावरून? तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापऱ्यांवरून. त्या खापऱ्यांकडे जाण्याआधी कोकोचं फळ डोळ्यांसमोर आणू या, कारण चॉकलेट खाणाऱ्या बहुतेकांना ते फळापासून होतं हेच माहीत नसतं.

कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत ते लावतात. फणसासारखी याची फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. आकार लहान पपईएवढा, पिकल्यावर रंग पिवळा किंवा लाल, साल जाड आणि टणक. फळ फोडलं की आत सीताफळाची आठवण यावी असा पांढरा गर, आणि त्या गरात बसलेल्या तीस-चाळीस बिया. गर आंबटगोड, लिंबू पिळलेल्या लिचीसारखा. बी मात्र कडू. ताजी बी चावून बघितली तर ती चॉकलेटची आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिला चॉकलेटचा वासच नसतो.

तो वास येतो आंबवल्यानंतर. फळं फोडून गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांवर घालतात आणि वरून पानांनीच झाकतात. हवेतलं यीस्ट त्या गरातल्या साखरेवर तुटून पडतं. ढीग गरम व्हायला लागतो, गर पातळ होऊन खाली ठिबकतो आणि साखरेची दारू होते. मग ढीग खालीवर करतात, हवा लागते, जिवाणू कामाला लागतात आणि त्या दारूचा व्हिनेगर होतो. ढिगाच्या पोटात पंचेचाळीस ते पन्नास अंशांपर्यंत उष्णता चढते. त्या उष्णतेनं आणि आंबटपणानं बीमधला कोंब मरतो आणि आतल्या आत बीचा गुणधर्म बदलतो. पाच-सात दिवसांनी बिया उन्हात वाळवतात. हे सगळं झाल्यावरच भाजताना त्यांना चॉकलेटचा वास सुटतो. कुरडईसाठी तीन दिवस गहू भिजत घालून रोज पाणी बदलणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. आंबूस वास येईपर्यंत धीर धरला नाही तर चीक नीट निघत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणजे चॉकलेटच्या वाटेवर मध्ये एक दारूचा मुक्काम आहेच. आज जगात खाल्लं जाणारं जवळपास सगळं चॉकलेट या मुक्कामावरून आलेलं असतं. खाणाऱ्याला तो दिसत नाही इतकंच.

आता खापऱ्या. मध्य अमेरिकेत होंडुरास नावाचा देश आहे. तिथं उलुआ नदीच्या खोऱ्यात पुएर्तो एस्कोन्दिदो नावाच्या जागी जॉन हेंडरसन आणि रोझमेरी जॉइस या दोन अभ्यासकांनी उत्खनन केलं. राजवाडा नाही, मंदिर नाही. साधी वस्ती, घरं, फुटकी मडकी. त्या खापऱ्यांत मातीनं शोषून घेतलेलं काही शिल्लक आहे का, हे पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि चॉकलेट कंपनीत काम करणारे रसायनतज्ज्ञ जेफ्री हर्स्ट यांनी तपासलं. लोणच्याच्या जुन्या बरणीला कितीही घासलं तरी वास राहतोच की नाही? कच्च्या मातीच्या भांड्यात तर पदार्थ आतपर्यंत मुरतो. त्यांना खापऱ्यांत थिओब्रोमिन हे द्रव्य सापडलं. त्या भागात ते इतक्या प्रमाणात देणारं झाड एकच, कोको. २००७ साली हा शोध छापून आला. सगळ्यात जुनी खापरी इसवी सनापूर्वी सुमारे ११५० सालची, म्हणजे एकतीसशे वर्षांपूर्वीची.

खरी गंमत भांड्याच्या आकारात होती. नंतरच्या काळात त्या मुलखात कोकोच्या बिया वाटून, पाण्यात कालवून, त्याला भरपूर फेस आणून पीत. फेसासाठी भांडं रुंद तोंडाचं किंवा चोच असलेलं लागतं. ही सगळ्यात जुनी भांडी मात्र लांब, बारीक गळ्याची होती. त्यांत फेस काढता येणार नाही. पातळ, गाळलेलं काहीतरी ओतायलाच ती बरी. म्हणून हेंडरसन आणि जॉइस यांचं म्हणणं असं की आधी होती ती गराची दारू. लोक फळ फोडत, गर आंबवत आणि ते आंबटगोड पेय सणासमारंभाला पाहुण्यांपुढे ठेवत. बिया हा त्यातला चोथा. केव्हातरी कुणीतरी त्या दारूत मुरलेल्या बिया फेकून न देता वाळवल्या, भाजल्या, पाट्यावर वाटल्या. म्हणजे या अभ्यासकांच्या मते चॉकलेट हे बिअरच्या मागून आलेलं, उरलेल्या मालातून निघालेलं.

काटेकोर बोलायचं तर धान्याची ती बिअर आणि फळाची ती वाइन. पण या पेयाला सगळ्यांनी बिअरच म्हटलं, आपणही म्हणू. आणि कोकोचा वापर याहूनही जुना आहे. इक्वेडोर देशात सांता आना-ला फ्लोरिदा इथं मिळालेल्या भांड्यांत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या कोकोच्या खुणा सापडल्या, हे २०१८ साली प्रसिद्ध झालं.

जाता जाता एक सांगते. अमेरिकेतल्या त्या कारखान्यानं बाटलीवर प्राचीन होंडुरासचा वारसा सांगितला, पण आत घातली कोकोची पूड आणि भाजलेल्या बियांचे तुकडे. ज्या गराची मूळ बिअर होती तो गर बाजूलाच राहिला. मिरची आणि शेंदरी हीसुद्धा कित्येक शतकांनंतरच्या कोकोतली. धंद्यात असं चालतं. आपणही ‘आजीच्या हातचा मसाला’ असं पाकिटावर छापतोच.

मडकं सांगतं आत काय होतं, पण ते कुणाच्या हातांनी भरलं याची खूण त्यावर उमटत नाही. त्यासाठी दुसरीकडे बघावं लागतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात माया लोकांचं एक रंगवलेलं भांडं आहे, आठव्या शतकाच्या आसपासचं. त्याच्यावर दरबाराचा देखावा आहे, आणि त्यात एक बाई उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार सोडते आहे. चहावाला चहा उंचावरून ओततो ना, तशी. कोकोला फेस आणण्याची ती पद्धत होती. फेस जितका दाट तितका पाहुण्याचा मान मोठा.

याहून पक्का पुरावा पेरू देशातला आहे, तोही फळाच्या बिअरचा. दक्षिण पेरूमध्ये सेरो बाउल नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे, आपल्या एखाद्या गडासारखा. वर पाण्याचा थेंब नाही, सगळं पाणी खालून वाहून न्यायचं. तिथं वारी नावाच्या राज्याची वस्ती होती आणि वस्तीत बिअरचा मोठा कारखाना होता. दळण्याची जागा, उकळण्याच्या चुली, आंबवण्याचे मोठे रांजण, सगळं वेगवेगळ्या खोल्यांत मांडलेलं. बिअर व्हायची मोये नावाच्या झाडाच्या मिरीएवढ्या लाल फळांची. अभ्यासकांनी जमीन झाडून बघितली तेव्हा त्यांना शालीच्या टाचण्या मिळाल्या, ज्या फक्त बायका वापरत आणि त्याही वरच्या घराण्यातल्या. दुसऱ्या कामाच्या जागी अशा टाचण्या इतक्या मिळाल्या नाहीत. काम करताना शाल सरकते, टाचणी पडते, मातीत रुतते. हजार वर्षांनी कुणीतरी ती उचलतं आणि म्हणतं, इथं बायका होत्या, आणि मोलकरणी नव्हत्या, मानकरी बायका होत्या. इसवी सन १००० च्या सुमारास वारी लोकांनी तो डोंगर सोडला. जाताना शेवटची बिअर केली, पिऊन पेले आगीत फेकले आणि कारखाना जाळून टाकला. त्या जळण्यामुळेच मजला, रांजण, टाचण्या जागच्या जागी राहिल्या.

अमेरिका खंडाशी ज्यांचा काही संबंध नव्हता त्या देशांतही हेच दिसतं. आजच्या इराकमध्ये चार हजार वर्षांपूर्वी सुमेरी लोक राहत होते. त्यांच्याकडे बिअरची देवी होती, निनकासी. तिचं जे स्तोत्र मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं मिळालं, त्यात बिअर कशी करायची याचीच क्रमवार माहिती आहे. धान्य भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, भाकरीसारखं भाजणं, गाळणं. यातलं मोड आणून वाळवणं, त्याला आज माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून आपण लेकराला सत्त्व देतो, ते माल्टच. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. म्हणून सत्त्व गोड लागतं, आणि म्हणूनच मोडाच्या धान्याची बिअर होते.

तिथं पेयाचं दुकान चालवायच्या बायका. हम्मुराबी राजाच्या, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी १७५० च्या कायद्यात या दुकानदारणींसाठी वेगळी कलमं आहेत. पेयाच्या किमतीपोटी धान्य न घेता चांदीच मागितली, किंवा माप मारलं, तर तिला पाण्यात फेकावं. शिक्षा भयंकरच. पण राजाच्या कायद्यात ‘दुकानदारीण’ असं स्त्रीलिंगी लिहिलं होतं, यावरून हा धंदा कुणाचा होता ते कळतं.

माप मारण्याचा हा आरोप लक्षात ठेवा. तीन हजार वर्षांनी तो इंग्लंडात पुन्हा भेटतो.

इंग्लंडची हकीकत जरा सावकाश सांगते, कारण तिथं कागद शिल्लक आहेत. इसवी सन १३०० च्या सुमारास तिथल्या खेड्यांत जवाची बिअर, जिला एल म्हणत, घरोघरी बायका करत. गरीब असो की बऱ्यापैकी खाऊनपिऊन असो, घरात जव, मोठं भांडं आणि सरपण असलं की झालं. एल चार दिवसांत आंबट व्हायची, त्यामुळे साठवून ठेवता यायची नाही. आज हिच्या घरी झाली, पुढच्या आठवड्यात तिच्या घरी. ताजी एल तयार झाली की दारात काठीला झुडपाची फांदी किंवा केरसुणी बांधून लावायची. रस्त्यानं जाणाऱ्याला कळायचं, इथं मिळेल.

सरकारनं एलचा भाव आणि माप ठरवून दिलं होतं. गावात चव घेणारा अधिकारी असायचा आणि जमीनदाराच्या कचेरीत दर थोड्या दिवसांनी एल करणाऱ्यांकडून दंड वसूल व्हायचा. नावाला दंड, प्रत्यक्षात तो परवान्याचाच पैसा. त्या दंडाच्या वह्यांत शेकडो साध्या खेडवळ बायकांची नावं उतरली आहेत, एरवी ज्यांचा इतिहासात मागमूसही राहिला नसता. जुडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी अशा वह्या गावागावांच्या वाचल्या आणि १९९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं : १३०० साली हा धंदा बहुतेक बायकांचा होता, १६०० साली तो बहुतेक पुरुषांचा झाला होता.

मधल्या तीनशे वर्षांत काय झालं? एका दिवसात कुणी येऊन हिसकावून नेलं नाही. १३४८-४९ मध्ये प्लेगची मोठी साथ आली आणि प्रचंड माणसं मेली. उरलेल्या मजुरांची मजुरी वाढली, हातात पैसा आला, लोक जास्त पिऊ लागले. मागणी वाढली. अशा वेळी धंदा वाढवायला भांडवल लागतं. मग साधारण १४०० च्या सुमारास समुद्रापलीकडून, आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या बाजूनं, हॉप्स घातलेली बिअर आली. हॉप्स म्हणजे एका वेलाची कडवट फुलं. ती घातली की बिअर महिनोन् महिने टिकते. या फुलांनी पेय नासत नाही हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डगार्ड नावाच्या मठवासी विदुषीनं लिहून ठेवलं होतं. म्हणजे ज्ञान बाईकडे होतंच. नफा झाला तो मात्र मोठी तांब्याची भांडी, पिंपं, कोठारं आणि गडी ठेवू शकणाऱ्याला. टिकणारा माल गाडीत घालून लांब पाठवता येतो, जहाजावर चढवता येतो, सैन्याला पुरवता येतो.

बाईला हे का जमलं नाही? अक्कल कमी होती म्हणून नक्कीच नव्हे. तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं करार करता येत नव्हता, कर्ज काढता येत नव्हतं, मालमत्ता नवऱ्याची. शहरात बिअरवाल्यांचे संघ झाले, त्यांच्या पदांवर पुरुष. बेनेट यांना असं दिसलं की धंद्यातून सगळ्यात आधी बाहेर पडल्या त्या विधवा आणि एकट्या बायका. नवरा असलेल्या जरा जास्त टिकल्या, कारण कागदावर नवऱ्याचं नाव आणि भट्टीवर यांचे हात असं चालून जायचं. पुढे मालही त्याचा, नावही त्याचं, आणि ती कामाला मदत करणारी.

सोबतीला बदनामी होतीच. एल विकणारी बाई माप मारते, पाणी घालते, गिऱ्हाईकाला नादी लावते. लडलो गावच्या चर्चमध्ये लाकडी बाकांखाली एक कोरीव काम आहे : खोट्या मापाचा पेला हातात असलेल्या एलवालीला सैतान नरकात नेतो आहे. माप मारणारे पुरुष नव्हते का? होते की. पण कोरलं गेलं ते हे. आणि १५४० साली चेस्टर शहराच्या महापौरानं हुकूमच काढला की चौदा ते चाळीस वयाच्या कुठल्याही बाईनं एलचं दुकान चालवायचं नाही. म्हणजे अंगात कामाची ताकद असण्याचं वय होतं तेवढंच कापून टाकलं.

एक गोष्ट आजकाल फार फिरते. गोष्टीतल्या चेटकिणीची टोकदार टोपी, केरसुणी, कढई आणि मांजर हे सगळं या एलवाल्या बायकांवरून आलं, अशी. ऐकायला झकास आहे, पण तिला कागदाचा आधार नाही. खरी हकीकत त्याहून साधी आहे आणि मला ती जास्त बोचते. चेटकीण ठरवून जाळावं लागलंच नाही. कर्ज, करार आणि परवाना एवढ्यानं काम भागलं.

आपल्याकडेही तांदळाची हंडिया आहे, झारखंड-ओडिशात आठवडी बाजारात बायका घेऊन बसतात. आपल्या मुलखातली मोठी गोष्ट मोहाची. मोहाची दारू ही बिअर नव्हे, ती भट्टीवर चढवून काढलेली, जास्त कडक. पण फुलं पहाटे वेचायला जाणाऱ्या बायकाच. १८७८ साली इंग्रज सरकारनं मुंबई अबकारी कायदा केला. घरची, पाड्यावरची भट्टी गुन्हा ठरली. दारू निघायची ती मुंबईजवळच्या उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांवर, आणि विकायची ठेकेदारानं. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर मोहाच्या फुलांच्या साठ्यावर आणि विक्रीवरच कायदा आला. झाड अंगणात, फूल जमिनीवर पडलेलं, आणि ते घरात ठेवायची चोरी. सरकारला लोकांच्या तब्येतीची काळजी होती असं समजायचं कारण नाही. अबकारी कर हे सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं.

घरची दारू चांगली आणि दुकानची वाईट, असं सोपं करून मी सांगत नाहीये. घरच्या दारूनंही संसार बुडाले आहेत. पण घरातलं मडकं चार दिवसांत संपतं किंवा नासतं. दुकान मात्र सकाळी उघडतं, उधारी देतं आणि मजुरीच्या दिवशी दारात उभं राहतं. दारू कुठं, कधी, किती आणि कुणी विकायची हे ठरवण्यात गावातल्या बाईचा शब्दच उरला नव्हता. म्हणून पुढे शंभर वर्षांनी गडचिरोलीत बायकांनी जे आंदोलन केलं आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली, किंवा आज गावात उभी बाटली की आडवी बाटली म्हणून जे मतदान होतं, ते मला या इतिहासापासून वेगळं वाटत नाही. इंग्लंडातल्या बाईच्या हातून मडकं गेलं, इथं गेलेला शब्द बायकांनी मतपत्रिकेवर परत मागितला.

आता पुन्हा कोकोच्या फळाकडे. आज जगातला अर्ध्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत होतो. फळं फोडणं, बिया गोळा करणं, ढीग घालणं, वाळवणं, डोक्यावरून वाहून नेणं, यात बायकांचा मोठा वाटा. जमीन मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर, म्हणून विक्रीचा पैसाही त्याच्या हातात. ज्या गरापासून सगळी सुरुवात झाली तो तिथं बहुतांशी आंबताना ठिबकून मातीत जातो. अलीकडे कंपन्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं आहे. २०१९ साली नेस्ले कंपनीनं जपानमध्ये असं चॉकलेट आणलं, ज्यात साखरेऐवजी कोकोच्या गराचा गोडवा होता. काही जण त्या गराचं सरबत करून विकतात, आणि बिअर करणारेही तो मागायला लागले आहेत. म्हणजे तीन हजार वर्षांनी गराला पुन्हा भाव येतो आहे.

घानामध्ये १९९३ साली शेतकऱ्यांनी एक संघ काढला, कुआपा कोकू. कारण साधं होतं : व्यापाऱ्याचे काटे खोटे होते. गावात बी मोजताना वजन कमी भरायचं आणि तक्रार कुणाकडे करणार? त्यांनी ठरवलं की प्रत्येक गावानं आपल्यातला एक माणूस निवडायचा आणि काटा त्याच्या हातात द्यायचा. वजन सगळ्यांसमोर होतं, वहीत लिहिलं जातं. गावच्या समित्यांमध्ये बायकांना जागा आहेत. १९९८ मध्ये हा संघ लंडनमधल्या एका चॉकलेट कंपनीत भागीदार झाला, म्हणजे बी विकून मोकळं न होता चॉकलेटच्या नफ्यातही त्याचा वाटा आला. आणि संघातल्या बायकांच्या गटांनी आणखी एक वस्तू हाती घेतली, जी कुणाच्याच हिशोबात नव्हती. फळाची ती जाड, टणक साल, जी फोडून शेतात टाकून देतात. ती वाळवून जाळायची, राख भिजवून क्षार काढायचा आणि त्याचा साबण करायचा. त्या साबणाच्या विक्रीची वही त्यांच्याकडे असते.